आतड्याची सूज एकच नसते

क्रोन्स काय आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस काय, शेवटी आतड्याची सूजच; नाव बदललं म्हणून गोळ्या थोड्याच बदलतात? असं नातेवाईक म्हणतात, कधी कधी डॉक्टरही. हे मत अगदीच निराधार नाही. दोन्ही आजारांत प्रतिकारशक्ती आपल्याच आतड्यावर उलटते, दोन्हींत जुलाब, पोटदुखी, थकवा. स्टेरॉइड, ॲझाथायोप्रिन, इन्फ्लिक्सिमॅब दोन्हीकडे वापरतात. काही रुग्णांत तर सगळ्या तपासण्या होऊनही प्रकार ठरत नाही. तरीही हे मत चूक आहे, आणि आपल्या देशात धोक्याचंही आहे.

दुर्बीण आत गेली की फरक दिसू लागतो. कोलायटिस सहसा गुदाशयापासून सुरू होतो आणि मोठ्या आतड्यात सलग वर चढतो. अस्तर लाल, खरखरीत. दुर्बिणीचं टोक लागलं तरी रक्त येतं. पण जखम मुख्यतः अस्तरापुरतीच राहते. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो. एके ठिकाणी लांबट, खोल व्रण, पुढे चांगलं आतडं, मग पुन्हा व्रण. तो भिंतीत आरपार उतरतो. म्हणून आतडं अरुंद होतं, भगंदर होतो.

उपचार इथेच फुटतात. मेसालामाइन हे सौम्य कोलायटिसचं मुख्य औषध. क्रोन्समध्ये त्याचा फारसा उपयोग नाही. कोलायटिसमध्ये मोठं आतडं आणि गुदाशय काढला की आतड्यातला मूळ रोग जातो. क्रोन्समध्ये आजारी तुकडा कापला तरी रोग बहुधा जोडाशीच पुन्हा डोकं वर काढतो.

पण माझा मुख्य आक्षेप आतड्याच्या क्षयाबद्दल आहे. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाई रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपेनहायमर यांनी १९३२ साली क्रोन्स हा आजार मांडला, तेव्हा तो क्षय नाही हे त्यांनाही दाखवावं लागलं. आपल्याकडे तो प्रश्न रोजचा आहे. लहान आतडं मोठ्याला मिळतं ती जागा दोघांच्याही आवडीची. ताप, वजन उतरणं, पोटात गोळा, सगळं सारखं. बायोप्सीत क्षयाची खूण दर वेळी सापडतेच असं नाही. क्षयाला क्रोन्स समजून स्टेरॉइड दिलं तर क्षय शरीरभर पसरू शकतो. उलट क्रोन्सला क्षय समजलं तर महिनोन्‌महिने क्षयाच्या गोळ्या चालतात आणि आतडं आतल्या आत आकसत जातं. त्या गोळ्यांनी क्रोन्सच्या रुग्णालाही काही काळ बरं वाटतं, हा मोठाच चकवा. म्हणून क्षयाचे उपचार सुरू झाल्यावर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालून व्रण भरले का, हे पाहायलाच हवं.

‘आतड्याला सूज आहे’ एवढ्यावर समाधान मानू नका. कोणता प्रकार, आतडं कुठून कुठपर्यंत बिघडलंय आणि क्षय नाही हे कशावरून ठरवलं, हे तिन्ही प्रश्न डॉक्टरांना विचारा, आणि बायोप्सीचा रिपोर्ट जपून ठेवा.