दुबईत शाखा उघडायची? आधी लायसन्स ठरवा, मग ऑफिस बघा

पुण्या-मुंबईतली कंपनी परदेशात पहिली शाखा काढायची म्हणते, तेव्हा यादीत दुबई बहुतेक वेळा असतेच. विमानाने तीन-साडेतीन तास, घड्याळ आपल्यापेक्षा दीडच तास मागे. मग इथल्या सवयीने चौकशी सुरू होते: भाडं किती, मेट्रो जवळ आहे का, पार्किंग मिळेल का? दुबईत हे प्रश्न नंतरचे. तिथे ऑफिसचा पत्ता कंपनीच्या कागदपत्रांचाच भाग असतो. धंदा कुणाशी करता येईल आणि माणसं किती नेता येतील, हे बऱ्याच अंशी त्या पत्त्यावरून ठरतं.

पहिला फाटा मेनलँड की फ्री झोन, हा. फ्री झोन म्हणजे स्वतःचं प्राधिकरण असलेला वेगळा इलाखा. १९८५ साली सुरू झालेला जेबेल अली झोन बंदराला लागून आहे, त्यामुळे माल आणून पुढे पाठवणाऱ्यांना तो सोयीचा. डीएमसीसीचा भर व्यापारी कंपन्यांवर, तर डीआयएफसीचा बँका आणि वित्तसंस्थांवर. फ्री झोनचं लायसन्स घेतलं की जागाही साधारणपणे त्याच झोनमध्ये घ्यावी लागते. गिऱ्हाईक दुबई शहरातली दुकानं, हॉटेलं किंवा बांधकाम कंपन्या असतील तर मेनलँड बरं. २०२५ पासून फ्री झोनच्या कंपन्यांना वेगळा परवाना काढून मेनलँडवर काम करता येऊ लागलंय, पण त्यावर विसंबून झोन निवडू नये.

‘फ्री झोनमध्ये कर शून्य’ हे सोशल मीडियावर फार फिरतं. जून २०२३ पासून सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून यूएईत ३,७५,००० दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कॉर्पोरेट कर आहे. फ्री झोनमध्ये शून्य दर मिळतो तो ठरावीक उत्पन्नालाच, आणि त्यासाठी तिथे खरोखरचं ऑफिस आणि माणसं दाखवावी लागतात. शिवाय शाखा म्हणजे वेगळी कंपनी नव्हे. भारतीय कंपनीला जगभरच्या उत्पन्नावर भारतात कर असतो; तिकडे भरलेल्या कराची वजावट मिळते इतकंच. तिकडे शून्य भरला तरी इकडचा सुटत नाही. केवळ करासाठी महागडा झोन घेणाऱ्याने आधी आपल्या सीएला गाठावं.

दुसरा मुद्दा व्हिसाचा. मेनलँडवर ढोबळमानाने ८० ते १०० चौरस फुटांना एक व्हिसा धरतात. दहा माणसं न्यायची असतील तर ३०० फुटांची स्वस्त खोली कामाची नाही. फ्री झोनमधल्या ‘फ्लेक्सी डेस्क’वर, म्हणजे वाटून वापरायच्या टेबलावर, मोजकेच व्हिसा मिळतात. एक-दोन माणसांनी बाजार चाचपायला मात्र ते उत्तम. पहिल्याच वर्षी मोठं ऑफिस घेण्यापेक्षा मला हाच मार्ग शहाणपणाचा वाटतो.

आता पैसे. जाहिरातीतलं भाडं वर्षाचं असतं, महिन्याचं नव्हे. ते पुढच्या तारखांच्या चेकने द्यायची पद्धत आहे आणि चेक कमी तितका मालक खूश. ऑफिसच्या भाड्यावर ५ टक्के व्हॅट, वर डिपॉझिट, एजंटचं कमिशन आणि इमारतीचा सेवाखर्च. ‘शेल अँड कोअर’ असं लिहिलेलं असेल तर आत नुसतं काँक्रीट असतं. छत, वायरिंग, एसीची जोडणी सगळं आपल्या खर्चाने, मंजुऱ्या घेऊन. ते होईपर्यंतचे महिने भाडेमाफ करून घ्यावेत, मागितल्याशिवाय कुणी देत नाही. आणि गारव्याचं बिल कोण भरणार हे आधी विचारावं. अनेक इमारतींत ते विजेपेक्षा वेगळं येतं आणि दुबईच्या उन्हाळ्यात ते किरकोळ नसतं.

मेनलँडवर करार झाला की तो ‘इजारी’ या सरकारी नोंदणीत चढवावा लागतो. त्याशिवाय लायसन्सचं काम पुढे सरकत नाही. ज्याच्याशी करार करताय त्याचंच नाव मालकीपत्रावर आहे का, हे सही करण्यापूर्वी बघा. मधल्या भाडेकरूकडून जागा घेत असाल तर मूळ मालकाची लेखी परवानगी हवी.

भाडेवाढीच्या बाबतीत कायदा भाडेकरूच्या बाजूने बराच उभा आहे. नूतनीकरणाच्या वेळी अटी बदलायच्या तर ९० दिवस आधी कळवावं लागतं. २०१३ च्या आदेशानुसार तुमचं भाडं बाजारभावापेक्षा १० टक्क्यांपर्यंतच कमी असेल तर वाढ करता येत नाही, आणि कितीही कमी असलं तरी एका वेळी २० टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. त्यामुळे करार संपायच्या चार महिने आधीची तारीख कॅलेंडरवर मांडून ठेवा.