चार चेलो, आठ गाणी आणि एक जुनी परंपरा

१/ १९९६ साली फिनलंडमधून एक विलक्षण ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तीत गायक नव्हता, ड्रम नव्हते, गिटारही नव्हती. होते फक्त चार चेलो, आणि त्यांवर वाजत होती ‘मेटॅलिका’ या अमेरिकी हेवी मेटल बँडची आठ गाणी. वादकसंचाचे नाव ‘अपोकॅलिप्टिका’. ही अभिजात संगीताशी प्रतारणा होती का? इतिहासाचे उत्तर रंजक आहे.

२/ हे चौघे हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत शिकलेले. १८८२ साली स्थापन झालेल्या या संस्थेत खुद्द सिबेलियसचे शिक्षण झाले होते. तिथल्या शिस्तीत तयार झालेल्या हातांनी १९९३ पासून मेटल वाजवण्यास आरंभ केला.

३/ असा प्रयोग करणारे ते पहिले नव्हेत. अमेरिकेतील ‘क्रोनोस क्वार्टेट’ने जिमी हेंड्रिक्सचे ‘पर्पल हेझ’ दोन व्हायोलिन, व्हिओला आणि चेलो यांवर वाजवले. १९८६ च्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत ते समाविष्ट आहे.

४/ पण मूळ याहून जुने आहे. विवाल्डीने चार व्हायोलिनांसाठी रचलेली एक कंचेर्तो बाखने चार हार्पसिकॉर्डसाठी नव्याने बांधली. लिस्टने बेथोव्हनच्या नऊही सिंफनी पियानोवर आणल्या. ध्वनिमुद्रण नसलेल्या त्या काळात अनेकांना वाद्यवृंदाचे संगीत घरच्या पियानोवरच ऐकायला मिळे. दुसऱ्याची रचना आपल्या वाद्यावर उतरवणे हे कमीपणाचे नव्हते.

५/ मग संशय कोठून आला? एकोणिसाव्या शतकात स्वरलिपीत बद्ध झालेली रचना पवित्र मानली जाऊ लागली. लिहिलेल्या स्वरांशी निष्ठा हाच वादकाचा धर्म ठरला. कृती नव्याने घडवण्याचा त्याचा अधिकार हळूहळू आक्रसत गेला. रॉकमध्ये मात्र दुसऱ्याचे गाणे आपल्या ढंगात सादर करण्याची रीत सर्रास चालू राहिली.

६/ चेलोच का? त्याची खर्जातील तार गिटारच्या सर्वांत खालच्या तारेहूनही खाली उतरते, आणि वरच्या सप्तकांत तो गायकाची जागा घेऊ शकतो. गज घोडीजवळ दाबून ओढला की स्वर खरखरीत होतो. मुठीजवळच्या आखूड, तुटक फटकाऱ्यांनी गिटारचे दबलेले ठोके साधतात. त्यामुळे ताल, खर्ज आणि गळा हे तिन्ही चार चेलोंत वाटून घेता आले.

७/ अर्थात काही गमावलेही. ‘मास्टर ऑफ पपेट्स’ हे अमली पदार्थांच्या विळख्याविषयीचे गाणे. शब्द गेले की तो आशय ऐकणाऱ्याच्या स्मरणावरच अवलंबून राहतो. उलटपक्षी, मेटल म्हणजे निव्वळ गोंगाट असे मानणाऱ्यांना त्यातील स्वरवाक्ये आणि बांधणी उघडपणे ऐकू आली.

८/ पुढे वाट रुंदावली. १९९६ मध्येच अपोकॅलिप्टिकाने हेलसिंकीत मेटॅलिकाच्या आधी मंचावर वादन केले. १९९९ मध्ये मेटॅलिका सॅन फ्रान्सिस्को सिंफनीसह वाजवती झाली. २००० पर्यंत चेलोवादक प्रामुख्याने स्वतःच्या रचनांकडे वळले होते. कालांतराने संचात ड्रमवादकही आला.

९/ मेटॅलिकाचा बासवादक क्लिफ बर्टन हा बाखचा चाहता. १९८६ मध्ये स्वीडनमधील बस अपघातात तो गेला. २०२४ साली अपोकॅलिप्टिकाने मेटॅलिकाच्या गाण्यांचा दुसरा खंड काढला. त्यातील ‘द कॉल ऑफ क्टुलू’मध्ये बर्टनचे मूळ बासवादन चेलोंच्या सोबतीने ऐकू येते. विवाल्डीची रचना नव्या वाद्यांवर बांधणाऱ्या बाखला यात प्रतारणा दिसली असती, असे वाटत नाही.