नाम्पेयोची मडकी

ॲरिझोनाच्या वाळवंटात सपाट माथ्याची, सरळसोट कड्यांची पठारं आहेत. आपल्याकडच्या एखाद्या गडासारखी म्हणा ना. तिथे होपी लोक राहतात. पण पहिल्या पठारावरचं हानो हे गाव टेवा लोकांचं. १६९६ चं स्पॅनिशांविरुद्धचं बंड फसल्यावर हे लोक रिओ ग्रांदेच्या खोऱ्यातून इकडे आले. होपींनी जागा दिली, ती पठाराची वाट राखायच्या बोलीवर. तीनशे वर्षं झाली, टेवा भाषा अजून टिकून आहे!

याच हानोत १८५९ च्या सुमारास नाम्पेयो जन्मली. आई टेवा, वडील होपी. जवळच सिक्यात्की हे ओसाड गाव. तिथली पंधराव्या-सोळाव्या शतकातली पिवळसर भांडी, त्यावर पंख, पिसं, बाकदार चोची.. आजच्या ग्राफिक डिझायनरलाही हेवा वाटावा अशी.

पुस्तकांत गोष्ट अशी असते: १८९५ मध्ये फ्यूक्स या संशोधकाने सिक्यात्की खणलं, नाम्पेयोचा नवरा तिथे मजूर होता, तिने ती भांडी पाहिली आणि लुप्त कला जिवंत झाली. छान गोष्ट आहे, पण मला काही पटत नाही. खापरं तर तिथे उघड्यावरच पडलेली. शिवाय थॉमस कीम नावाचा व्यापारी त्याआधीच जुन्या धर्तीची भांडी करवून घेत होता. साहेबाने फावडं मारल्यावरच तिला दिसू लागलं, हे जरा जास्तच झालं.

आणि नुसती नक्कल म्हणावी तर तेही नाही. चाक नाही, मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, दगडाने घोटायचं, युक्काच्या पानाच्या कुंचल्याने रंगवायचं. आधी रेखाटन नाही, सगळं डोक्यात. सिक्यात्कीचे लोक दगडी कोळशावर भाजायचे, नाम्पेयो मेंढ्यांच्या लेंड्यांवर. गंमत म्हणजे मेंढ्या आणल्या त्या स्पॅनिशांनीच! तिची भांडी इतकी जमली की व्यापारी ती जुनी म्हणून विकतील अशी धास्ती खुद्द फ्यूक्सलाच पडली.

१९०५ मध्ये ती ग्रँड कॅनियनला पर्यटकांसमोर भांडी घडवत होती. पुढे नजर गेली. मग हाताने चाचपून घडवायची ती, आणि रंगवायच्या मुली. १९४२ मध्ये ती गेली. तिला लिहिता येत नव्हतं, त्यामुळे भांड्यावर सही नाही. काही भांड्यांवर मात्र 'नाम्पेयो फॅनी' असं आहे. घडवणारी आई, रंगवणारी मुलगी. बाकीच्यांवर कुणाचा हात कुठे संपला, हे जाणकार आजही कुंचल्याच्या रेघांवरून ताडत बसतात.