हृदयविकार आणि वंशभेद (अमेरिका)

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांना उच्च रक्तदाब, पक्षाघात आणि हृदय निकामी होणे हे विकार गोऱ्यांपेक्षा अधिक प्रमाणात आणि कमी वयात गाठतात. त्यांच्यातील निम्म्याहून अधिक प्रौढांना उच्च रक्तदाब आहे. याचे मूळ वंशातच आहे, असे दीर्घकाळ मानले गेले. हा समज पुराव्यापुढे टिकत नाही.

रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकी वंशाच्या सात लोकसमूहांचा रक्तदाब तपासला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात उच्च रक्तदाबाचे प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ टक्के आणि शिकागोजवळच्या मेवूडमध्ये ३३ टक्के आढळले. पूर्वजांचा प्रदेश एकच, आजार मात्र दुप्पट. वाढलेले वजन आणि आहारातील मीठ यांचा त्यात मोठा वाटा होता. पण ताटात काय पडते, हे माणूस कुठे राहतो यावरही ठरते.

आणि कुठे राहायचे, हे अनेकांच्या हाती नव्हतेच. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल दाखवल्या गेल्या. लाल म्हणजे कर्ज देणे धोक्याचे. कर्ज नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून मुलांसाठी मागे ठेवायला काही नाही. १९६८ च्या कायद्याने घरांबाबतचा भेदभाव बेकायदा ठरवला, तरी त्यांतल्या कित्येक वस्त्यांत गरिबी आणि प्रदूषण आजही अधिक आहे.

दवाखान्यातही भेद सुटत नाही. १९९९ मधील एका अभ्यासात ७२० डॉक्टरांना छातीत दुखत असल्याची तक्रार करणाऱ्या रुग्णांच्या चित्रफिती दाखवल्या. रुग्ण म्हणजे नट-नट्या होत्या, संवाद सारखेच होते. तरीही हृदयाच्या पुढील तपासणीसाठी कृष्णवर्णीय स्त्रियांची शिफारस सर्वांत कमी झाली.

उपाय कुठे सापडतो, हे लॉस एंजेलिसच्या केशकर्तनालयांनी दाखवले. डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या प्रयोगात ५२ दुकानांतले ३१९ कृष्णवर्णीय पुरुष सहभागी झाले. सुमारे निम्म्या दुकानांत केस कापायला आलेल्या गिऱ्हाइकाला तिथेच औषधतज्ज्ञ भेटे, रक्तदाब मोजे आणि डॉक्टरांच्या संमतीने गोळ्या सुरू करी. उरलेल्या दुकानांत न्हावी फक्त राहणी सुधारण्याचा आणि डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला देत. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा रक्तदाब सरासरी २७ अंकांनी उतरला, दुसऱ्याचा जेमतेम ९. माणसे तशीच, शहर तेच. उपचार विश्वासाच्या जागी पोचले, एवढाच फरक.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२० मध्ये संरचनात्मक वंशवाद हे आरोग्यातील विषमतेचे मूलभूत कारण असल्याचे जाहीर केले. २०२३ मध्ये तिने हृदयविकाराचा धोका मोजण्याच्या नव्या सूत्रातून वंशाचा रकाना काढून टाकला. राहत्या भागातील वंचिततेचा निर्देशांक जोडण्याची सोय त्यात आहे.