किंड्रेड

किंड्रेड : ऑक्टेव्हिया एस्टेल बटलर (२२ जून १९४७–२४ फेब्रुवारी २००६) या अमेरिकन कृष्णवर्णीय लेखिकेची गुलामगिरीवरील फँटसी कादंबरी. डबलडे या प्रकाशनसंस्थेने ती १९७९ मध्ये प्रसिद्ध केली. शीर्षकाचा अर्थ ‘रक्ताचे नातलग’ असा असून कादंबरीचा सगळा पेच त्यातच आहे.

कथानक : डेना फ्रँकलिन ही कॅलिफोर्नियातील कृष्णवर्णीय लेखिका. ९ जून १९७६ रोजी, आपल्या सव्विसाव्या वाढदिवशी, नव्या घरात पुस्तके लावत असताना तिला घेरी येते आणि ती एकोणिसाव्या शतकारंभीच्या मेरीलंडमधील एका नदीकाठी पोहोचते. तेथे बुडणाऱ्या रूफस वेलिन या गोऱ्या मुलाला ती वाचवते. हा मळेवाल्याचा मुलगा तिचाच पूर्वज निघतो. त्याचा जीव धोक्यात आला की ती भूतकाळात ओढली जाते; स्वतःच्या जिवावर बेतले की परतते. अशा सहा फेऱ्या होतात. ॲलिस ही स्वतंत्र जन्मलेली कृष्णवर्णीय स्त्री पुढे गुलाम होते, रूफस तिच्यावर जबरदस्ती करतो आणि त्यातून डेनाची पूर्वज हेगर जन्मते. हेगर जन्मेपर्यंत रूफसला जगवणे डेनाला भाग पडते.

लेखनामागील प्रेरणा : बटलर यांची आई पॅसाडेना येथे गोऱ्यांच्या घरी मोलकरीण होती. मागील दाराने आत जाणारी, अपमान निमूट ऐकून घेणारी आई त्यांनी लहानपणी पाहिली होती. पुढे महाविद्यालयातील एक तरुण, मागच्या पिढीने मान तुकवली म्हणून तिच्याविषयी तिरस्काराने बोलला. त्या पिढीने काय सोसून मुलांना जगवले हे त्याला दाखवण्याची गरज बटलर यांना वाटली. कथेची पार्श्वभूमी असलेली मेरीलंडमधील टॅलबट परगण्याची भूमी त्यांनी बसने जाऊन पाहिली आणि गुलामांची आत्मवृत्ते वाचली. अशाच एका प्रसिद्ध आत्मवृत्ताचे लेखक फ्रेडरिक डग्लस याच परगण्यात जन्मले. प्रत्यक्षातील क्रौर्य वाचकाला झेपणार नाही म्हणून आपण ते सौम्य करून लिहिले, असे बटलर यांनी सांगितले आहे.

वैशिष्ट्ये : कालप्रवासाचे यंत्र किंवा शास्त्रीय उपपत्ती येथे नाही, म्हणूनच बटलर या कादंबरीला विज्ञानकथा मानत नसत. ऐतिहासिक कादंबरीचा वाचक सुरक्षित अंतरावर उभा असतो. येथे हक्कांची सवय असलेली आजची स्त्रीच मळ्यावर जाऊन पडते आणि ते अंतर संपते. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सेराची तीन मुले मालकाने विकली. त्या पैशातून मालकिणीसाठी नवे फर्निचर आणि चिनी मातीची भांडी आली. मुकी मुलगी कॅरी तेवढी उरली आणि तिच्यासाठी सेरा गप्प राहते. तिच्या गप्प राहण्यामागचा हा हिशेब डेनाला उशिरा कळतो.

पत्रांचा प्रसंग विशेष महत्त्वाचा आहे. डेनाचा गोरा पती केव्हिन एका फेरीत तिच्याबरोबर जातो आणि तिकडेच अडकतो. तिच्या काळातील आठ दिवसांत त्याची तिकडे पाच वर्षे जातात. पुन्हा भूतकाळात गेल्यावर डेना त्याला पत्रे लिहिते. रूफस ती पाठवण्याचे कबूल करतो, पण तिच्याजवळचा मेरीलंडचा नकाशा तिला जाळायला लावतो. पत्रे त्याने पाठवलेलीच नसतात. ॲलिस ती शोधून दाखवते, डेना पळते, पकडली जाते आणि चाबकाचे फटके खाते. शिकलेली, विसाव्या शतकातील स्त्री काही तासांत सापडते. ‘ते पळून का गेले नाहीत’ या प्रश्नाला इतके नेमके उत्तर क्वचितच कोणी दिले असेल.

अखेरीस डेना रूफसला मारते आणि ४ जुलै १९७६ रोजी, अमेरिकन स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीदिनी, परतताना तिचा डावा हात घराच्या भिंतीत जातो. या शेवटाच्या अर्थाविषयी समीक्षकांत एकमत नाही.

मराठी वाचकाला येथे जोतीराव फुले आठवतील. ‘गुलामगिरी’ (१८७३) हा ग्रंथ त्यांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता.

रूपांतरे : चित्रकादंबरीला (२०१७) आयस्नर पारितोषिक मिळाले; दूरचित्रमालिका (२०२२) एका हंगामानंतर बंद झाली.

बटलर यांची हस्तलिखिते व टिपणवह्या पॅसाडेनाला लागून असलेल्या सॅन मरीनो येथील हंटिंग्टन ग्रंथालयात जतन केलेल्या आहेत.