यंत्राचा गळा

शक्तीचा इतिहास हा पुष्कळ अंशीं वाटांचा इतिहास आहे. पाणी, वाफ किंवा हवा यांपैकीं कोणताही पदार्थ कामास लावावयाचा, तर त्यास कोठून तरी यावें लागतें, कोठल्या तरी दारानें आंत शिरावें लागतें आणि काम संपल्यावर बाहेर पडावें लागतें. हें दार किती रुंद असावें व केव्हां किती उघडावें, या एका प्रश्नाभोंवतीं गेल्या अडीचशें वर्षांतील यंत्रविद्येचा मोठा भाग फिरत आला आहे. वेगवान मोटारींच्या शौकीन तरुणांत इंजिनाचें हवेचें दार, म्हणजे ज्यास ते ‘थ्रॉटल बॉडी’ म्हणतात तें, काढून त्या जागीं अधिक रुंद बसविण्याची हौस आढळते. दार रुंद केलें कीं शक्ति वाढते, ही त्यामागची समजूत. ती कितपत खरी, हें पाहण्यास छत्रपती संभाजीनगर हें शहर मोठें सोयीचें आहे. कारण पाण्याच्या वाटेची जुनी विद्या आणि हवेच्या वाटेची नवी विद्या या दोहोंचीं स्मारकें येथें थोड्या अंतरावर उभीं आहेत.

मलिक अंबरानें 1610 मध्यें खडकी येथें हें नगर वसविलें आणि डोंगरांतील पाणी जमिनीखालच्या नहरानें शहरांत आणलें. पुढें, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंतच्या काळांत, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारांत पाणचक्की उभी राहिली. दूरच्या डोंगरांतील झऱ्याचें पाणी खापरी नळांतून आणून उंच भिंतीवर चढवावयाचें आणि तेथून खालीं सोडून त्याच्या जोरावर जातें फिरवावयाचें, अशी ही योजना. या जात्यावर फकीर व यात्रेकरू यांच्यासाठीं धान्य दळलें जाई. येथें शक्तीचा हिशेब अगदीं सरळ आहे: पाणी किती आणि तें किती उंचीवरून पडतें, या दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ति. समजा, एखाद्या अतिउत्साही माणसानें पाणी सोडण्याचें तोंडच तेवढें दुप्पट रुंद केलें. क्षणभर जातें जोरानें फिरेल. परंतु मागच्या नळांतून येणारें पाणी पूर्वींइतकेंच असल्यामुळें सांठा उतरेल, पडण्याची उंची घटेल, आणि जातें लवकरच पूर्वींपेक्षांही मंद होईल. तोंड, नळ, झरा आणि उंची हीं सारीं मिळून एकच यंत्र आहे, हें ज्यांनीं ही रचना केली त्यांस पक्कें ठाऊक होतें.

युरोपांत वाफेचें यंत्र आलें, तेव्हां हाच प्रश्न निराळ्या रूपानें पुढें आला. जेम्स वॅट यानें 1788 मध्यें आपल्या यंत्रास फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. यंत्र अधिक वेगानें फिरूं लागलें कीं गोळे बाहेर फांकत आणि वाफेच्या नळींतील झडप आपोआप मिटूं लागे. वेग मंदावला कीं ती पुन्हां उघडे. या झडपेस इंग्रजींत जो शब्द रूढ झाला, त्याचें मूळ गळ्याच्या नांवांत आहे. गळा आवळणें असाच त्याचा अर्थ. म्हणजे जन्मापासून या झडपेचें काम आवरण्याचें आहे, शक्ति निर्माण करण्याचें नव्हे. एवढी एक गोष्ट ध्यानांत राहिली, तरी पुढचा पुष्कळ गोंधळ टळतो.

पेट्रोलच्या इंजिनांत हा गळा हवेचा झाला. विल्हेल्म मायबाख यानें 1893 च्या सुमारास फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला. त्यांत हवा एका अरुंद जागेंतून वेगानें जात असतां तेथील दाब उतरतो आणि पेट्रोल आपोआप ओढलें जातें. चालकाचें पाऊल हवेची झडप उघडतें आणि पेट्रोल हवेच्या मागून येतें. सुमारें पाऊणशें वर्षें ही व्यवस्था निर्वेध चालली. 1967 मध्यें बॉश कंपनीची विद्युन्नियंत्रित इंधन-योजना फोक्सवॅगनच्या मोटारींत आली. पेट्रोल फवारण्याचें काम निराळ्या सुईकडे गेलें आणि झडपेच्या घरांत केवळ हवा उरली. हेंच आजचें थ्रॉटल बॉडी. पुढें पावलाची तारही गेली. पाऊल आतां आपली इच्छा तेवढी कळवितें, आणि झडप किती उघडावयाची तें एक छोटें गणकयंत्र ठरवितें.

संभाजीनगरांत हा इतिहास कारखान्यांच्या रूपानें आला. त्या वेळच्या औरंगाबादजवळ वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना 1985 मध्यें सुरू झाला. 2001 मध्यें शेंद्रा येथें स्कोडाच्या मोटारी जुळविल्या जाऊं लागल्या, आणि 2004 मध्यें त्याच कंपनीची ऑक्टाव्हिया आर. एस. ही टर्बो बसविलेली पेट्रोल मोटार भारतांत आली. 1.8 लिटर मापाचें तिचें इंजिन येथें 150 अश्वशक्तीचें होतें. युरोपांत त्याच मापाचें इंजिन 180 अश्वशक्ति देत असे. टर्बोच्या इंजिनांत हवा मुळीं पंख्यानें दाबूनच आंत घातली जाते. दाब किती ठेवावयाचा, हें ज्यानें ठरविलें त्यानें शक्तीही ठरविली; दाराच्या रुंदीस तेथें दुय्यम स्थान आहे.

दुचाकीच्या इतिहासांतही असाच एक बोधप्रद प्रसंग आहे. बजाजनें 2007 मध्यें पल्सर 220 ही गाडी इंधन-फवारणीसह, म्हणजे थ्रॉटल बॉडी बसवून, बाजारांत आणली. तिची शक्ति सुमारें 20 अश्वशक्ति होती. 2009 मध्यें तीच गाडी पुन्हां कार्ब्युरेटर लावून आली, आणि शक्ति सुमारें 21 अश्वशक्ति भरली. याचा अर्थ कार्ब्युरेटर श्रेष्ठ असा मुळींच नाहीं. एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या प्रदूषणाच्या कडक नियमांनीं त्यास जवळजवळ निरोपच दिला. अर्थ इतकाच कीं, दाराच्या नवेपणावरून घरांतील संपत्तीचा अंदाज करूं नये.

आतां थोडें गणित पाहूं. दोन लिटर मापाचें, टर्बो नसलेलें, चार-धावी इंजिन मिनिटास 6,000 फेरे करीत असेल, तर दर दोन फेऱ्यांस दोन लिटर या हिशेबानें तें मिनिटास सुमारें 6,000 लिटर, म्हणजे सेकंदास 100 लिटर हवा ओढतें. दाराचा व्यास 60 मिलिमीटर असेल, तर हवा तेथून सेकंदास सुमारें 35 मीटर वेगानें जाते. व्यास 65 केला, तर क्षेत्रफळ शेंकडा 17 नें वाढतें आणि वेग 30 मीटरांवर येतो. हा सतराचा आंकडाच तरुणांस भुरळ घालतो. परंतु 35 मीटर वेगाच्या हवेंत गुंतलेला दाब वातावरणाच्या दाबाच्या शेंकडा एकाहूनही कमी असतो. मधलें पातें आणि त्याची दांडी यांची अडचण जमेस धरली, तरी वांचविण्याजोगें फारसें कांहीं उरत नाहीं. मग पुष्कळांस गाडी अधिक चपळ झाल्याचा भास कां होतो? कारण, तारेच्या गाडींत रुंद दार किंचित उघडतांच पूर्वींपेक्षां अधिक हवा आंत जाते. पूर्वीं अर्ध्या पावलानें जें मिळे, तें आतां पाव पावलानें मिळतें. पूर्ण पाऊल दाबल्यावर मिळणारें मात्र जवळजवळ तेवढेंच राहतें. पगार न वाढतां महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत सढळ हातानें खर्च करावा, तशांतला हा प्रकार.

उलटपक्षीं, हें शहर समुद्रसपाटीपासून साडेपांचशें मीटरांहून अधिक उंचीवर वसलें आहे. तेवढ्यामुळेंच येथील हवा मुंबईच्या मानानें शेंकडा पांच-सहांनीं विरळ असते, आणि वैशाखाच्या उन्हांत ती आणखी विरळ होते. म्हणजे थ्रॉटल बॉडी बदलून जें कमवावयाचें, त्याच्या कितीतरी पट येथील हवामानानें आधींच वजा केलेलें असतें. इंजिनाच्या तोंडाशीं तापलेल्या हवेऐवजीं थंड हवा पोंचविणें, हा या प्रांतीं अधिक शहाणपणाचा आणि स्वस्त उपाय होय.

तथापि रुंद दाराचा उपयोग कधींच नाहीं, असें म्हणणें अन्यायाचें होईल. हवेचा ओघ दुप्पट झाला कीं दाराशीं होणारी हानि चौपट होते. ज्या शर्यतीच्या इंजिनाच्या झडपा, नळ्या आणि धूर जाण्याचा मार्ग हीं सर्व बदलून त्याची भूक खरोखर वाढविलेली असते, त्याचा गळा अरुंद राहिला तर तो जाचक ठरतो. शर्यतींचे नियामक हें ओळखूनच आहेत. जागतिक रॅली स्पर्धेंत 1995 मध्यें टर्बोच्या तोंडाशीं 34 मिलिमीटरांचें बंधन होतें. त्या बंधनाच्या कडेनें चोरून हवा आंत घेण्याची युक्ति टोयोटाच्या संघाकडे सांपडली. संघाचे त्या वर्षाचे गुण रद्द झाले आणि त्यास बारा महिने स्पर्धाबंदी झाली. विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेंत तर पेट्रोलच्या इंजिनाची सारी हवा 20 मिलिमीटरांच्या एका भोंकांतून जावी असा दंडक आहे. महाराष्ट्रांतील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे संघही या धर्तीच्या स्पर्धांत भाग घेतात. दार रुंद करण्याची मुभाच नसल्यामुळें या मुलांस भोंकापुढील नळीचा उतार, हवेच्या पेटीचें माप आणि इंधनाचा मेळ यांकडे वळावें लागतें. मनाईच येथें गुरु होते.

रस्त्यावरच्या गाडीस निराळें बंधन आहे. उत्पादकानें नमूद केलेल्या तपशिलांशीं विसंगत होईल असा बदल वाहनांत करण्यास मोटार वाहन कायदा, 1988 याचें 52 वें कलम मना करतें. सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी 2019 मध्यें या कलमाचा कडक अर्थ कायम केला. कायद्याचें भय दाखवून हौस मारावी, असा येथें हेतु नाहीं. यंत्र उघडून पाहण्याची इच्छा ही कारागिरीची जननी आहे, आणि ज्या शहरांत हजारों हात दररोज इंजिनें जुळवितात, तेथें ती मरूं देणें घातक ठरेल. शेंद्र्यांत जुळविल्या जाणाऱ्या मोटारींच्या गळ्याचें माप मात्र मुख्यतः परदेशीं ठरत आलें आहे. तें माप तेवढेंच कां, दहा मिलिमीटर अधिक कां नाहीं, हा प्रश्न ज्या मुलास पडतो त्याच्या हातीं नुसतें रुंद दार देऊन त्याची बोळवण करूं नये. त्यास दाबमापक, वही आणि संबंध वाटेचा नकाशा द्यावा. झऱ्यापासून जात्यापर्यंतची वाट एकत्र पाहणारी माणसें या गांवानें एकदां पाहिलीं आहेत. हवेच्या वाटेसाठीं तशींच माणसें येथें पुन्हां निपजलीं, तर गळा किती रुंद ठेवावा हें त्यांस दुसऱ्या कोणास विचारावें लागणार नाहीं.