न दिसणारे राखणदार

तर झालं असं. निवृत्त झालो त्या वर्षी, म्हणजे २००९ साली, मुलाने त्याचा एक्सपीवाला जुना संगणक पिंगुळीच्या घरी आणून ठेवला. पावसाळ्यात एकदा तो फारच सुस्तावला. कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो, एवढं मला ठाऊक होतं. उघडला. मी चालवत होतो एकच प्रोग्रॅम, आणि यादीत तीसचाळीस नावं! 'एसव्हीसीहोस्ट' हे तर पाचसहा वेळा. आणि 'सिस्टिम आयडल प्रोसेस'पुढे आकडा होता ९७. म्हटलं, हाच तो चोर, सगळा संगणक खातोय. पण तो काही बंद होईना. मग 'सीटीएफमॉन' दिसला. नावावरून व्हायरसच वाटला. त्याला बंद केलं.

त्याबरोबर खालच्या पट्टीवरची भाषा बदलायची खूण गेली. आईच्या वर्षश्राद्धासाठी तिच्यावर लिहीत होतो, तो लेख अर्धाच राहिला. मराठी अक्षर उमटेना.

संध्याकाळी कुडाळहून पुतण्या आला. "काकानू, ता कित्याक बंद केल्यात?" म्हणाला. मी बंद केलेला तोच भाषा बदलण्याचं काम बघत होता. संगणक पुन्हा सुरू केल्यावर तो परत आला, लेखही पुरा झाला. आणि तो ९७वाला चोर? ते कामच नव्हतं. प्रोसेसरला करायला काही नसतं, तो वेळ त्या नावावर मांडला जातो. म्हणजे प्रोसेसर ९७ टक्के मोकळा बसला होता. अडलं होतं ते मेमरी अपुरी पडल्यामुळे.

इतकी माणसं (हो, मला ती माणसंच वाटतात) पडद्यामागे आली कुठून, हा प्रश्न मात्र डोक्यात राहिला. मग वाचत गेलो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. नरसिंहन यांच्या चमूने बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० मध्ये कामाला लागला. त्या काळचे संगणक साधारणपणे एका वेळी एकाच माणसाचं काम करत. यंत्र लाखमोलाचं, आणि माणूस विचार करत बसला की तेही बसून! हा खोळंबा टाळायला अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एक पद्धत करून दाखवली. एकच यंत्र अनेकांना क्षणाक्षणाने वाटून द्यायचं.

हे वाचलं आणि मला हसूच आलं. माझी नोकरीची पहिली वर्षं एकशिक्षकी शाळेत गेली. पहिलीला पाटीवर गिरवायला द्यायचं, दुसरीला पाढे म्हणायला लावायचं, तेवढ्यात चौथीला भागाकार. प्रत्येक वर्गाला वाटायचं गुरुजी आपलेच. संगणकाचा प्रोसेसर तेच करतो, फक्त सेकंदात शेकडो वेळा.

एकदा वेळ वाटता आला, की कोणी न सांगता चालणारी कामंही त्यात बसवता आली. एमआयटीतच १९६३ च्या सुमारास फायलींच्या नकला आपोआप टेपवर उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला 'डीमन' म्हणू लागले. मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने कल्पिलेल्या, न थकता रेणू निवडत बसणाऱ्या जिवावरून ते नाव घेतलं. जुन्या ग्रीकांचा डीमन म्हणजे भूत नव्हे, माणूस आणि देव यांच्या मधला, पाठीशी असणारा. आपल्याकडे समजावून सांगावं लागणार नाही. आरवलीच्या वेतोबाला आपण भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतो. तो रात्री राखणीला फिरतो, त्या झिजतात, ही आपली श्रद्धा. त्याला फिरताना कोण बघतो?

घरगुती संगणकात हे उशिरा आलं. १९८१ च्या डॉसवर साधारण एका वेळी एकच प्रोग्रॅम चाले. १९९३ च्या विंडोज एनटीचा पाया २००१ मध्ये एक्सपीबरोबर घरोघरी आला, आणि त्याच्याबरोबर ही सगळी मंडळी. 'एसव्हीसीहोस्ट' तर चाळीसारखा. एका छपराखाली अनेक सेवा बिऱ्हाड करून. २०१७ नंतर, पुरेशी मेमरी असलेल्या विंडोज १० संगणकांवर त्यातल्या बऱ्याच सेवांना वेगळी खोली मिळाली, म्हणून यादी आणखी लांबली. लांब यादी म्हणजे रोग नव्हे. सावध मात्र राहावं. व्हायरसही असलंच नाव घेऊन येतो, कधी एखादं अक्षर इकडचं तिकडे करून. खरा 'एसव्हीसीहोस्ट' विंडोजच्या सिस्टिम३२ या फोल्डरातला असतो. नावापेक्षा पत्ता तपासावा.

शाळेत मी कित्येक वर्षं वेळेवर वर्गात शिरलो. दार उघडं, माठ भरलेला, फळा पुसलेला. कोणी केलं ते कधी विचारलं नाही. शिपाई पंधरा दिवस आजारी पडला, तेव्हा कळलं.

असो. नातवंडांनो, यादीतलं अनोळखी नाव बंद करण्याआधी ते काय काम करतं एवढं विचारा. आणि तुमचे आजोबा हल्ली ९७ टक्के मोकळे असतात, तेव्हा फोन कधीही करा.